जामीन मंजूर झाल्यावरचे दिवस

आर्थर रोड, तळोजा, भायखळा, आधारवाडी. यातल्या कुठल्याही तुरुंगात चौकशी करा, कोर्टाने जामीन देऊनही आत असलेली माणसं सापडतील. न्यायाधीशांनी आदेश केलेला असतो, पण पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून सुटका अडलेली असते. देशात २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. ही गर्दी खटले रेंगाळल्यामुळे होते हे खरंच आहे. पण मुंबईत गरीब माणूस जिथे सर्वांत जास्त अडतो ती जागा म्हणजे जामिनाचा आदेश आणि तुरुंगाचा दरवाजा यांच्यामधलं अंतर. त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. घरच्यांना आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना उपयोग व्हावा म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, जामिनाचा आदेश दाखवून कोणी सुटत नाही. आदेशात साधारण असं लिहिलेलं असतं: ‘रुपये १५,००० चा वैयक्तिक जातमुचलका आणि तितक्याच रकमेचे एक किंवा दोन सक्षम जामीनदार दिल्यावर आरोपीस मुक्त करावे.’ जातमुचलका म्हणजे तारखेला हजर राहीन, नाहीतर एवढी रक्कम भरीन, असा आरोपीने स्वतः लिहून दिलेला बाँड. आदेशातल्या ‘दिल्यावर’पाशी सगळं अडतं. जामीनदार कोर्टात उभा राहिला, त्याची कागदपत्रं मान्य झाली, बाँड लिहून झाला की मगच कोर्ट सुटकेचा वेगळा आदेश काढतं. किल्ला कोर्ट असो की कुर्ला, अंधेरी, भोईवाडा, सगळे त्याला ‘रिलीज’ म्हणतात. तुरुंगाला तो कागद लागतो. अनेक घरं ‘बेल झाली’ हे ऐकून तुरुंगाबाहेर जाऊन उभी राहतात आणि दिवस फुकट जातो.

जामीनदार होणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. जामीनदाराकडून आधार, पॅन, रेशनकार्ड, वीजबिल, दोन-तीन फोटो आणि ऐपतीचा पुरावा मागतात. पगारदार असेल तर पगाराच्या स्लिपा आणि ऑफिसचं पत्र, नाहीतर घराचे कागद, बँकेतली ठेव किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. कुठलं कोर्ट काय मान्य करतं यात फरक असतो, म्हणून त्या कोर्टाच्या क्लार्कला आधी विचारून घ्यावं. मग जामीनदाराला न्यायाधीशांसमोर उभं करतात आणि प्रश्न येतात. आरोपी तुमचा कोण? किती वर्षं ओळखता? राहतो कुठे? गुन्हा कसला आहे? किती रकमेचा जामीन घेताय? तो तारखेला आला नाही तर ही रक्कम तुम्हाला भरावी लागेल, ठाऊक आहे का? आधी किती जणांना जामीन राहिलात, हेही लिहून द्यावं लागतं. नाक्यावर मुकादमी करणारा, आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात आलेला माणूस इथे गडबडतो. ‘गावाकडचा आहे’ एवढंच सांगतो आणि नामंजूर होतो. आदल्या दिवशी वकिलाने त्याला पंधरा मिनिटं बसवून आरोपीचं पूर्ण नाव, पोलीस ठाणं, कलम आणि रक्कम एवढ्या चार गोष्टी समजावल्या तर हे टळतं. काही वेळा कोर्ट जामीनदाराची पडताळणी पोलीस ठाण्याकडे पाठवतं आणि त्यात दिवस जातात. कायदा मात्र जामीनदाराचं प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून स्वीकारायची मुभा कोर्टाला देतो. वकिलाने ते मागायला हवं.

आता हे कागद कोणाकडे नसतात ते बघा. पुलाखाली राहून सिग्नलला गजरे किंवा लिंबू-मिरची विकणारी पारधी कुटुंबं. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहणारा मजूर. झोपडीत पोटभाड्याने राहणारी, वीजबिल दुसऱ्याच्याच नावावर असलेली बाई. फुटपाथवरच्या संसारावर पालिकेची गाडी येते तेव्हा भांड्यांबरोबर कागदांची पिशवीही उचलली जाते. उरलंसुरलं रेशनकार्ड असतं ते बीडचं नाहीतर जालन्याचं. त्यावर ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं उत्तर मिळतं. ज्यांच्याशी ओळख आहे ते सगळे त्याच पुलाखाली राहतात. त्यातला कोण सक्षम ठरणार?

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखून बरीच वर्षं झाली. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलं. खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला होता, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. तरीही ‘लोकल शुअरिटी’चा आग्रह गेला नाही, म्हणून ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने पुन्हा सविस्तर निर्देश दिले. ते प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत छापील असायला हवेत. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांना ईमेलने पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं. सचिवांनी कैद्याची आर्थिक-सामाजिक माहिती गोळा करून अटी शिथिल करण्यासाठी ती कोर्टापुढे ठेवायची. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असं कैदी म्हणत असेल तर योग्य प्रकरणात काही काळाचा तात्पुरता जामीन द्यायचा विचार व्हावा. एक महिन्यात बाँड झाला नाही तर कोर्टाला स्वतःहून अटींचा फेरविचार करता येतो. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका रखडते, तेव्हा तशी अट घालू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

हे निर्देश आपोआप चालत नाहीत. आदेश दुपारी होतो, वकील पुढच्या प्रकरणाला जातो, कैद्याला पुढचे आठ दिवस काहीच कळत नाही. तुरुंगाच्या संगणकात तारीख चढली नाही तर सात दिवस मोजणार कोण? म्हणून घरच्यांनीच मोजावेत. आदेशाची तारीख लिहून ठेवा. आठव्या दिवशी तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरण अशा दोन्हीकडे साध्या कागदावर मराठीत अर्ज द्या. त्यात कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, कोर्ट, केस नंबर, गुन्हा रजिस्टर नंबर, आदेशाची तारीख, जामिनाची रक्कम आणि ‘जामीनदार मिळत नाही’ ही एक ओळ असली की पुरे. आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत आणि तळोजा तर रायगड जिल्ह्यात येतं. त्यामुळे ‘हे आमच्याकडे नाही’ हे ऐकावं लागतं. खटला जिथे चालू आहे आणि तुरुंग जिथे आहे, दोन्हीकडे पत्र दिलेलं बरं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानेच दिला आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही तो आहे. १५१०० हा त्याचा हेल्पलाइन नंबर.

वकिलाने त्यानंतर अटी शिथिल करण्याचा अर्ज करायचा. या अर्जात ‘आरोपी गरीब आहे’ एवढंच लिहिलं तर उपयोग होत नाही. काय काम करतो, दिवसाला किती मिळतात, घरात किती माणसं, कोणकोण जामीनदार बघितले आणि ते का नामंजूर झाले, आदेश होऊन किती दिवस झाले, हे आकड्यांनी लिहावं. मागणीही नेमकी असावी. नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. नाहीतर रक्कम २५,००० वरून ५,००० करा. नाहीतर आत्ता जातमुचलक्यावर सोडा आणि जामीनदारासाठी आठ आठवडे द्या. बाँडची रक्कम माणसाची परिस्थिती बघून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं. सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला ती कमीही करता येते.

पैशांचाच प्रश्न असेल तर केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांना सहाय्य करण्याची योजना आहे. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत होते. ती कैद्याच्या हातात येत नाही, कोर्टात जमा होते. निर्णय जिल्ह्याच्या समितीचा, त्यात जिल्हाधिकाऱ्यांबरोबर विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस आणि तुरुंगाचे अधिकारी असतात. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या केसेस यातून वगळल्या आहेत. एक मेख लक्षात ठेवा. कोर्टाच्या आदेशात नुसता ‘जामीनदार द्या’ असा शब्द असेल तर समितीने पैसे कशापोटी भरायचे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी कोर्टाकडून ‘जामीनदाराऐवजी रोख’ असा आदेश करून घ्यावा लागतो, मग योजनेकडे जायचं.

रोख जामीन मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत रोजचा आहे. बोलीत त्याला ‘कॅश बेल’ म्हणतात. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांपुरती, जामीनदार आणेपर्यंतची असते. ती मुदत संपली आणि जामीनदारही आला नाही, मुदतवाढही मागितली नाही, की सुटलेला माणूस पुन्हा आत जाऊ शकतो. घरी याची कोणाला आठवण नसते, कारण सगळ्यांच्या लेखी प्रकरण सुटलेलं असतं. मुदत संपायच्या आठवडाभर आधी अर्ज टाकावा.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे लोक भेटतात. बनावट रेशनकार्डं आणि खोट्या पगारपत्रकांवर जामीनदार उभे करणाऱ्या टोळ्या मुंबई पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. गरजेपोटी त्या वाटेला जाणाऱ्या आईला दोष देणं मला जमत नाही. पण जामीनदार खोटा निघाला तर जामीन रद्द होऊ शकतो, बनावट कागदपत्रांचा नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो आणि पुढच्या वेळी कोर्ट त्या नावाकडे संशयाने बघतं. तेवढ्याच पैशात रोख जामीन होत असेल तर तो शंभर पटीने बरा.

समजा रिलीज निघाली. आता तुरुंगाचं ऑफिस ती आपल्याकडच्या वॉरंटशी, म्हणजे ज्या कागदावर त्याला आत घेतलं त्याच्याशी, ताडून बघतं: नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, कलमं, कोर्ट. एक अक्षर जुळलं नाही तरी कागद परत. पारधी समाजात भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावं मोजकीच आणि पहिली नावं सारखी. अटक करताना पोलिसांनी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं असतं, मागे दोन-तीन ‘उर्फ’ जोडलेले असतात. तृतीयपंथी व्यक्तीचं कागदावरचं नाव एक आणि रोजचं दुसरं. बंगाली किंवा बिहारी मजुराच्या नावाची तीन कागदांवर तीन स्पेलिंग. यावर उपाय पहिल्या रिमांडच्या, म्हणजे पोलीस आरोपीला कोठडी मागायला पहिल्यांदा कोर्टात उभं करतात त्या दिवशीच आहे: रिमांड अर्जावरचं नाव वाचायचं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे कोर्टाला सांगून दुरुस्त करून घ्यायचं. ते राहिलं असेल तर रिलीज काढतानाच वॉरंटवरचं नाव ‘उर्फ’सकट जसंच्या तसं उतरवायला क्लार्कला विनंती करा. बरोबर आणि सुंदर नाव लिहायच्या नादात माणूस अडकतो.

आर्थर रोडच्या दरवाज्याशी रिलीजचे कागद टाकायची पेटी असते. संध्याकाळी ती शेवटची उघडते साडेपाचच्या सुमाराला, त्यानंतर आलेला कागद दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका नामवंत नटाच्या मुलालाही या वेळेमुळे एक रात्र जास्त काढावी लागली. सगळी वर्तमानपत्रं दारात उभी असताना ही गत, तर ज्याच्यासाठी कोणी उभं नाही त्याचं काय होत असेल? कोर्टाचं काम दुपारी तीनपर्यंत उरकलं नाही तर मुंबईच्या रहदारीत तो दिवस गेला असं धरा. शुक्रवार असेल तर सकाळी पहिल्या हाकेलाच वकिलाने बाँड पुढे करावा.

आणि हे सगळं होऊनही सुटका होत नाही, कारण दुसऱ्या ठाण्याचं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे त्यांच्या केसमध्ये कैद्याला कोर्टापुढे हजर करायचा आदेश, आधीच तुरुंगात येऊन पडलेलं असतं. इथे भटक्या-विमुक्तांचा इतिहास थेट आजच्या फाइलीत येतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा होता. पोलिसांची नजर काही बदलली नाही. एखाद्या भागात मोबाइल हिसकावण्याचे चार गुन्हे उघड व्हायचे राहिले असतील आणि एक पारधी मुलगा हाताशी लागला, तर चारही त्याच्या नावावर दाखवले जातात. त्या प्रत्येकात वेगळा जामीन, वेगळा जामीनदार. चौथा जामीन होईपर्यंत तुरुंगात दीड वर्ष सहज जातं.

याचा सर्वांत मोठा फटका नव्या कायद्यात बसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला बाँडवर सोडावं, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या कैद्यांनाही द्यायला सांगितलं. हिसकावण्याच्या गुन्ह्याला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्या वेळेला एक वर्ष. चांगली तरतूद आहे. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटले चालू असतील तर या कलमाखाली सोडायचं नाही. ज्या माणसावर चार गुन्हे टाकणं सर्वांत सोपं आहे, नेमक्या त्याच्याच तोंडावर हा दरवाजा बंद होतो. हे पोटकलम बदलायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. तोवर उपाय एवढाच, की वकिलाने चारही केसेसची यादी सीएनआर नंबरांसकट (प्रत्येक केसच्या स्वतंत्र नंबरासकट) ई-कोर्टच्या वेबसाइटवरून काढून एकेक संपवत जावी आणि नेहमीच्या जामीन अर्जात कैदेचा एकूण काळ दाखवावा.

याच जोडीला ‘चॅप्टर केस’. गणपती, निवडणूक, मोठा बंदोबस्त आला की वस्तीतल्या ठरलेल्या पोरांना उचलायचं, सहायक आयुक्तांपुढे उभं करायचं आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागायचा. चॅप्टर म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. तरी पुढे जामिनाला विरोध करताना पोलिसांच्या म्हणण्यात ‘पूर्वेतिहास’ म्हणून तीच यादी जोडलेली असते. त्यात निर्दोष सुटलेल्या केसेसही असतात. वकिलाने प्रत्येक ओळीसमोर निकाल लिहून कोर्टाला द्यावा: ही चॅप्टर, ही निर्दोष, ही दुसऱ्याच कोणाची. अर्धी यादी तिथेच गळते.

जामीनदाराची वेळच येऊ नये अशा दोन वाटा मात्र फार वेळा हुकतात. जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे जिथे जामीन हा हक्क असतो तिथे, अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं कोर्टाने धरायचं आणि त्याला नुसत्या बाँडवर सोडायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. दुसरी वाट म्हणजे आरोपपत्र वेळेत न आल्याचा जामीन: दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. आरोपपत्र यायच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज हातात हवा. तुरुंगातल्या कैद्याला तारखा मोजता येतात, पण वकिलाचा नंबर नसतो. तुरुंगात त्याला भेटायला जाणाऱ्याने हे काम आपल्याकडे घ्यावं.

सुटल्यानंतर आदेशातल्या हजेरीच्या अटी बघा. ‘दर सोमवारी सकाळी १० ते १२ ठाण्यात हजेरी’ म्हणजे नाक्यावरच्या मजुराचा अख्खा दिवस बुडतो, कारण दुपारी कोणी कामाला घेत नाही. संध्याकाळची वेळ किंवा महिन्यातून एकदा अशी अट मागून घेता येते, आरोपपत्र आल्यावर ती रद्दही करून मिळते. हजेरी दिली की ठाण्याच्या नोंदीवर सही करून आपल्या वहीत तारीख टाकून ठेवावी. खटल्याच्या तारखेला जाणं शक्य नसेल तर वकिलाकडून त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज गेला पाहिजे. तो गेला नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि जामिनावर असताना गैरहजर राहणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. फुटपाथवरचं कुटुंब हलवलं गेलं की समन्स पोचतच नाही. माणूस फरारी ठरतो, प्रत्यक्षात तो दोन पूल पलीकडे राहत असतो. जागा किंवा मोबाइल नंबर बदलला की वकिलाला आणि जामीनदाराला सांगा, शक्य असेल तर कोर्टात लेखी द्या. वॉरंट निघाल्याचं कळलं तर पोलिसांची वाट न बघता वकिलाबरोबर स्वतः कोर्टात हजर व्हावं आणि वॉरंट रद्द करायचा अर्ज द्यावा. स्वतःहून आलेल्याचं वॉरंट बहुतेक वेळा थोड्या दंडावर रद्द होतं, पकडून आणलेल्याला जामिनाची सगळी फेरी पुन्हा करावी लागते. रोख भरली असेल तर मूळ पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपा आणि ती कोणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा. खटला संपल्यावर पैसे परत मिळवायचा अर्ज त्याच नावाने करावा लागतो.